उलटे आटे

शिरोली नाक्यावर रात्री पावणेबाराला
उसाचा ट्रक एका कुशीवर कलून थांबला,
डाव्या अंगाचं मागचं चाक बसलेलं.
अण्णांनी जॅक लावला.
मी दुकानाच्या पायरीवर, ट्यूबलाइटखाली,
वही मांडीवर घेऊन बसलो होतो.
मेकॅनिक्सचा बॅकलॉग, दुसऱ्यांदा.
सोमवारी पेपर.

अण्णा म्हणाले, घरी जा, पोरीच्या जातीनं
एवढ्या रातीला नाक्यावर बसू नये.
मी म्हटलं, जातो की. आणि बसून राहिलो.

हुपरीकर मॅडम सांगायच्या,
बिंदूभोवतीचं आघूर्ण कुणीही काढेल,
अक्षाभोवतीचं काढून दाखवा.
आधी अंतराचा सदिश, मग बलाचा,
दोघांचा फुली गुणाकार,
आणि जे येईल ते सगळं त्या अक्षावर पाडायचं,
भिंतीवर काठीची सावली पाडावी तसं.
सावली जेवढी, तेवढंच फिरणं.
उरलेलं बल खोटं नसतं,
घामही खराच असतो,
अक्षाला त्याचं काही नसतं एवढंच.

क्लीनर पोरगा, सिद्राम, अथणीकडचा.
पान्यात दीड मीटरचा पाइप घालून लोंबकळला.
म्हटलं, चला, गणित आयतंच आलं.
अक्ष: नटातून निघून थेट माझ्याकडे.
पाइप डावीकडे, उणे दीड.
पोरगा साठ किलोचा, खाली सहाशे न्यूटन, तेही उणे.
शिवाय तो पाइप अंगाकडे ओढत होता, शंभर धरले.
ते अक्षाला समांतर. आले तसे गेले.
पाना नटापासून वीतभर पुढे आलेला,
तेही अंतर अक्षावरचंच, तेही गेलं.
राहिलं उणे गुणिले उणे.
अधिक नऊशे.
अधिक म्हणजे घड्याळाच्या उलट,
म्हणजे नट सुटायला पाहिजे.

सुटला नाही.
ड्रायव्हरही पाइपवर चढला. अठराशे.
पाइप धनुष्यासारखा वाकला,
कन्नडमधून एक शिवी आली,
नट होता तिथंच.
मी वही पहिल्यापासून तपासली.
चूक सापडेना.
चूक सापडत नाही तेव्हा पोटात जे होतं
ते मला परीक्षेतलं ओळखीचं आहे.

समोरच्या वेल्डिंगच्या शेडमधून
इलाहीमामा आले, हातात चहाचा ग्लास.
नटाबाहेर आलेल्या आट्यांवर अंगठा फिरवला,
डोळे मिटून, नाडी बघावी तसा.
"उतरा खाली. जुनी गाडी हाय ही.
डाव्या अंगाचे आटे उलटे असत्यात,
चाकाच्या पळण्यानं नट ढिला हू ने म्हणून.
मघाधरनं घट्ट कराय लागलाय की रं!"

पाइप उजवीकडे घातला.
माणसं तीच, वजन तेच, दीड मीटर तेच.
दोघं चढले. उणे अठराशे.
आधी काहीच नाही,
मग लोखंडातून एक कर्र आवाज
आणि सिद्राम जवळजवळ रस्त्यावर आडवा.

गेल्या खेपेला सहा मार्कांचं गणित,
उत्तर उणे आलं म्हणून मी घाबरलो होतो.
खोडून अधिक केलं, खाली दोन रेघा मारल्या.
कुणी विचारलं नव्हतं,
आटे कुठल्या बाजूचे आहेत ते.

मामा ग्लास ठेवायला पायरीशी वाकले,
वहीत डोकावले. "हे काय काढलंयस?"
"तुम्ही आत्ता केलं ते."
"आणि ही आडवी रेघ?"
त्यांनी बोट ठेवलं. ग्रीसचा ठसा उठला,
बरोबर उणेच्या चिन्हावर,
आता ते खोडताही येणार नाही.

अण्णा दुसऱ्या नटाला लागले होते.
न बघताच म्हणाले,
"बसलायसच तर तो पाइप धर."
मी उठलो.
टोकाला धरला, अगदी टोकाला.